दगडी पुलावरचे बूट

मुलांनो, एक गंमत करून बघू. डोळे मिटा. आता तुम्ही म्हणाल, डोळे मिटले तर पुढचं वाचायचं कसं? बरं, मग एवढा परिच्छेद वाचून झाला की मिटा. घरात आहात तिथेच बसा आणि कोण चालतंय ते नुसतं ऐका. आई पाण्याचा ग्लास घेऊन येते ती पावलं वेगळी आणि तीच आई तुमचं प्रगतिपुस्तक हातात घेऊन येते ती पावलं वेगळी. दादा गुपचूप बाहेर सटकतो तेव्हा टाच टेकवत नाही. आजोबांची उजवी चप्पल किंचित घासते. बघितलंत? न बघताही किती कळतं.

आता अशी कल्पना करा, की तुमच्या बाबांचा धंदाच हा आहे. दिवसभर चालायचं आणि कुठेही जायचं नाही.

ज्या मुलीची ही गोष्ट आहे, तिच्या बाबांचं काम खरोखरच तसलं होतं. मुलगी दहा वर्षांची. एका जागी दोन मिनिटं टिकायची नाही म्हणून घरीदारी सगळे तिला भिंगरी म्हणत. तिचे बाबा सिनेमासाठी पावलांचे आवाज करत. सिनेमाचं चित्रीकरण चालू असतं तेव्हा तिथे गोंगाट फार असतो. दिग्दर्शक ओरडत असतो, दिवे उचलणारे एकमेकांना हाका मारत असतात, कोणीतरी नेमकं तेव्हाच शिंकतं. म्हणून बोलणं तेवढं ठेवतात आणि बाकीचे पुष्कळसे आवाज मागाहून भरतात. नायक जिना चढतो तो आवाज नायकाचा नसतो. तो भिंगरीच्या बाबांसारख्या एखाद्या माणसाचा असतो, जो बंद खोलीत पडद्याकडे बघत, जागच्या जागी पाय उचलतो आणि ठेवतो.

त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. खिडकी नाही, भिंतींना जाड कापड. जमिनीवर चौकोनी खण केलेले, एकात वाळू, एकात खडी, एकात वाळकी पानं, एकात लाकडी फळ्या, एकात दगडी फरशी. बर्फावरून चालायचं असलं की बाबा मक्याच्या पिठाची पिशवी काढत आणि ती पायाखाली दाबत. डोळे मिटून ऐकलं की अंगावर काटा यायचा थंडीने. मांडणीत पादत्राणांचे ऐंशी जोड. शिपायाचे, नवरीचे, चोराचे. इमारतीतले लोक बाबांना 'शंभरपाये' म्हणत आणि बाबाही त्या हाकेला ओ देत.

काचेच्या पलीकडे एक काका बसत. ते यंत्र सांभाळत आणि दिवसाकाठी चार वाक्यं बोलत. त्यांतली तीन, "पुन्हा एकदा" अशी असत. दाराबाहेर लाल दिवा होता. तो पेटलेला असला की दार उघडायचं नाही, मग आग लागली तरी चालेल, असं काका म्हणत. हे चौथं वाक्य.

शाळा सुटली की भिंगरी तिथे यायची, कारण आई संध्याकाळपर्यंत नोकरीवर. गृहपाठ करायचा तो वाळूच्या खणाशेजारी बसून, आणि लाल दिवा लागला की श्वास रोखायचा. पहिल्या मजल्यावर कपडेपट होता. तिथे एक मावशी होत्या. खऱ्या मावशी नव्हेत, पण भिंगरीला दुसरं काही म्हणता आलं नसतं. कोणत्या प्रसंगात कोणी काय घातलंय, बटण किती उघडं आहे, पदर कुठल्या खांद्यावर आहे, सगळं त्यांच्या जाड वहीत फोटो चिकटवून लिहिलेलं असे. बाबांना काही अडलं की ते मावशींकडे विचारायला पाठवत. कारण बाबांना सिनेमाची जी प्रत मिळायची ती कच्ची असायची. काळपट, वरती आकडे धावणारी. माणसाचं नाक दिसेल तर नशीब, पाय तर अंधारातच.

त्या वर्षी एका फार मोठ्या सिनेमाचं काम आलं होतं. तीन वर्षं तो बनत होता. भिंगरीच्या घरात त्याला नुसतं 'मोठा' म्हणत. "आज मोठ्याचं काम आहे, उशीर होईल." जणू घरातलाच थोरला भाऊ.

त्याच्या शेवटच्या प्रसंगात हरवलेली मुलगी दगडी पुलावरून वडिलांकडे धावत येते. मोठ्या माणसाचं पाऊल लहान मुलीला शोभत नाही, कितीही हलकं टाकलं तरी. म्हणून बाबा म्हणाले, "भिंगरे, तू धावशील का? पण आधी खाली जा आणि मावशींना विचार, शेवटच्या प्रसंगात मुलीच्या पायात काय आहे."

आता इथे मला तुम्हाला बुटांबद्दल सांगायला हवं. चार दिवसांपूर्वीच भिंगरीला नवे बूट मिळाले होते. काळे, कडक टाचेचे. त्यासाठी तिने दोन महिने आईचं डोकं खाल्लं होतं. शाळेच्या व्हरांड्यातून चालली की टॉक, टॉक, टॉक. वर्गातली डोकी वळायची. आणि बाबा, जे कधी कशाला छान म्हणत नसत, ते मान तिरकी करून म्हणाले होते, "आवाज चांगला आहे हं याचा." तेव्हापासून भिंगरी जिथे लादी दिसेल तिथून चालत होती.

ती जिना उतरून गेली. मावशींच्या तोंडात टाचण्या होत्या आणि पुढ्यात एक नटी हात पसरून उभी. मावशींनी एक बोट वर केलं, म्हणजे थांब जरा. भिंगरी थांबली. आपल्या बुटांकडे बघितलं. उजव्याची टाच जमिनीवर आपटून बघितली. मग ती वळली आणि वर आली.

"काय म्हणाल्या?" बाबांनी विचारलं.

"बूट आहेत."

"कसले?"

"टाचेचे. माझ्यासारखेच."

"मावशींनी सांगितलं?"

"हो," भिंगरी म्हणाली.

एवढंच. एक अक्षर. बाबा खूश झाले. "मग काय, बूटही तयार आणि पायही तयार. चढ फरशीवर."

भिंगरी फरशीच्या खणावर धावली, जागच्या जागी. काका तीनदा "पुन्हा एकदा" म्हणाले आणि चौथ्यांदा काहीच म्हणाले नाहीत. याचा अर्थ उत्तम.

महिन्याभराने बाबा घरी आले ते जेवायच्या आधीच सांगू लागले, "अगं ऐकलंस का, आज दिग्दर्शकाने शेवटच्या प्रसंगाचं संगीत काढून टाकलं! म्हणाला, इतकी सुंदर पावलं आहेत, यांच्यावर वाजंत्री कशाला? नुसती पावलं राहू द्या." आईने भिंगरीला जवळ घेतलं. भिंगरीने दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गाला सांगितलं. मोठ्या सिनेमात माझे पाय आहेत. शेवटी सगळं शांत होतं आणि फक्त मी ऐकू येते.

तुम्ही विचाराल, चूक कोणाच्याच लक्षात कशी आली नाही? कारण सगळे त्याच काळपट प्रतीवर काम करत होते. स्वच्छ, रंग भरलेली प्रत तयार झाली ती अगदी शेवटी, आणि घाईत तिला आवाज जोडला. दिग्दर्शकाने तो सिनेमा शंभर वेळा बघितला होता. शंभर वेळा बघितलेलं माणसाला दिसत नाही. तुमच्या रोजच्या जिन्याला पायऱ्या किती, सांगा बरं.

रविवारी दुपारच्या खेळाला भिंगरी, आई, बाबा आणि वर्गातली अकरा मुलं एका रांगेत बसली. भिंगरीच्या शेजारी तिची बाकावरची मैत्रीण, जिला सगळे कुरळी म्हणत. दुसऱ्या बाजूला आई, मग बाबा. चित्रपटगृह शिगोशीग भरलं होतं. लोक तीन वर्षं वाट बघत होते ना! कोणी आपल्या म्हाताऱ्या वडिलांना हात धरून आणलं होतं. एक बाई तान्हं बाळ घेऊन आली होती.

आणि सिनेमा सुरू झाला.

वाईट सिनेमा कसा असतो ते पहिल्या दहा मिनिटांत कळत नाही. पहिली दहा मिनिटं माणूस स्वतःलाच समजावतो, आता रंगेल. नायक डोंगराकडे बघत उभा राहिला. लोकही बघत राहिले. नायक बघतच राहिला. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "पाठ झाला हो डोंगर, पुढे सरका." थोडं हसू आलं. मग नायकाने घोड्याला आपली सगळी कहाणी सांगितली, आणि मध्यंतराआधी तीच कहाणी पुन्हा नदीला सांगितली. "मध्यंतरात मलाही सांगेल," तोच आवाज म्हणाला. तान्हं बाळ रडायला लागलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मध्यंतरानंतर पुढच्या चार रांगा निम्म्या रिकाम्या होत्या. उरलेल्यांत रागही होता आणि एक प्रकारचा उत्साहही, आता कुठे चुकतंय ते बघूच, असा.

भिंगरीचे गाल तापले होते. तरी ती मनात म्हणत होती, शेवट येऊ दे. शेवट आला की बघा.

शेवट आला. पडदा उजळला. स्वच्छ सकाळ, दगडी पूल, पलीकडे हात पसरलेले वडील. संगीत थांबलं. अलीकडून मुलगी धावत निघाली. तिचे पाय पडद्यावर स्पष्ट दिसत होते. धुळीने भरलेले, घोट्याशी खरचटलेले, उघडे पाय. अनवाणी.

टॉक, टॉक, टॉक, टॉक.

क्षणभर कोणाला कळेना. मग तो मागचा माणूस ओरडला, "अरे, पोरीला नाल ठोकलेत की काय!"

आणि अख्खं चित्रपटगृह फुटलं. तीन तास दाबून ठेवलेलं सगळं हसू बाहेर आलं. "घोड्याचे पाय चुकून हिला लागले!" "थांबवा, टाचा झिजतील!" पडद्यावर वडील मुलीला उराशी धरून रडत होते आणि खाली लोक पोट धरून रडत होते, हसून हसून. म्हातारे वडील शेजारच्याला विचारत होते, "काय झालं? काय झालं?" पूल फार लांब होता. भिंगरीला आठवलं, चाळीस सेकंद. खोलीत धावताना ते किती थोडे वाटले होते.

कुरळी हसत हसत वळली. "ए, हे तुझेच पाय ना?"

"छे," भिंगरी म्हणाली. "माझे नाहीत. माझं त्यांनी घेतलंच नाही."

आणि कुरळीला खरं वाटावं म्हणून ती हसलीही. मोठ्याने हसली. हसता हसता तिची नजर आईच्या पलीकडे गेली. बाबा ताठ बसले होते. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरलेले, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे. ते पडद्याकडे बघत नव्हते. भिंगरीकडेही बघत नव्हते. पण ऐकण्याचा धंदा असलेल्या माणसाला शेजारच्या शेजारी काय बोललं गेलं ते ऐकू आलं नसेल, असं तिला कसं वाटावं?

दुसऱ्या दिवशी शाळेत भिंगरी शिरली तेव्हा मागच्या बाकांवरून जिभांचा आवाज आला. टॉक, टॉक, टॉक. ती घरचे जुने कापडी बूट घालून आली होती. त्यांचा काही आवाज होत नव्हता.

सगळ्या वर्तमानपत्रांनी तेच छापलं. खरं म्हणजे सिनेमा पडायला शंभर कारणं होती, डोंगर होता, घोडा होता, नदी होती. पण ती सगळी सांगायला वेळ लागतो. अनवाणी मुलीच्या बुटांचा आवाज एका वाक्यात सांगता येतो.

मंगळवारी दुपारी दिग्दर्शक इमारतीत आला. भिंगरी नुकतीच शाळेतून आली होती आणि बाबांबरोबर कपडेपटाच्या दारात उभी होती. दिग्दर्शकाची दाढी वाढलेली, आवाज बसलेला. तो मावशींना म्हणाला, "वही दाखवा."

मावशींनी पान उघडून दिलं. फोटो होता. खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, पाय अनवाणी, डाव्या घोट्याशी खरचटलेलं.

"मग बूट कुठून आले?" दिग्दर्शक बाबांकडे वळला.

"मी विचारायला पाठवलं होतं," बाबा म्हणाले. "ताईंनीच सांगितलं, टाचेचे बूट."

"मी?" मावशींनी चष्मा काढला. "अहो शंभरपाये, मी काही सांगितलंच नाही. पोर आली होती खरी. माझ्या तोंडात टाचण्या होत्या, मी थांब म्हटलं. हात मोकळा झाला तेव्हा बघते तर ती गेलेली. मला वाटलं, तुमचं काम झालं असेल."

"म्हणजे तिने मनाने सांगितलं?"

"मी तसं म्हणत नाहीये. मी एवढंच म्हणते, की मला कोणी विचारलं नाही."

"ताई," बाबांचा आवाज चढला. भिंगरीने तो चढलेला कधी ऐकला नव्हता. "माझी मुलगी खोटं बोलत नाही."

खोलीत शिवणयंत्रावर बसलेल्या दोघीजणींनी पाय थांबवले.

मावशींनी भिंगरीकडे बघितलं. रागाने नव्हे. कापड हातात घेऊन त्याची वीण बघावी तसं बघितलं. भिंगरीने तेवढ्यात बोलायला हवं होतं. एवढंसं वाक्य होतं. ते तिच्या घशापर्यंत आलंही होतं. पण बाबांचा हात तिच्या खांद्यावर होता आणि तो हात म्हणत होता, मी आहे ना.

मावशींनी चष्मा परत चढवला. "असेल मग," त्या हळूच म्हणाल्या. "दिवसभर शंभर जण विचारतात. सांगितलं असेल मी काहीतरी भलतंच. चूक माझी, साहेब."

साहेब त्या दिग्दर्शकाला म्हणाल्या, की बाबांना, ते कळलं नाही. बाबांना त्यांनी याआधी साहेब कधी म्हटलं नव्हतं.

भिंगरीला मात्र एक गोष्ट स्वच्छ कळली. मावशींना माहीत होतं. माहीत असूनही त्यांनी एका लहान मुलीला चारचौघांत खोटारडी ठरू दिलं नव्हतं.

बुधवारी समजलं, की पुढच्या सिनेमासाठी दुसरी कपडेपटवाली बघितली आहे. शुक्रवारी मावशींनी किल्ली द्यायची. बाबा जेवताना आईला म्हणाले, "वाईट वाटतं गं. वीस वर्षं त्या खोलीत काढली त्यांनी. पण चूक कबूल करायला तरी एवढा वेळ लावायला नको होता." भिंगरीने पानातलं संपवलं नाही. आईने कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

बुधवारी तिने ठरवलं, उद्या सांगायचं. गुरुवारी बाबांना खूप काम होतं, म्हणून तिने ठरवलं, कामात त्रास द्यायला नको. तुम्हालाही अशी कारणं सापडली असतील कधीतरी. शोधायला गेलं की भरपूर सापडतात.

शुक्रवारी ती शाळेतून आली आणि पहिल्या मजल्यावरून पाय न वाजवता वर सटकणार, तेवढ्यात आतून हाक आली.

"भिंगरे, इकडे ये बघू."

खोली निम्मी रिकामी झाली होती. कापडाचे गठ्ठे बांधलेले, इस्त्री वर्तमानपत्रात गुंडाळलेली. जाड वह्या एका पेटीत उभ्या लावलेल्या.

"फ्रॉकची दुमड सुटलीय तुझी मागून. लोंबतेय बघ. उद्या मी नसेन, आजच टाका घालून देते. उभी राहा अशी. स्टुलावर चढ."

भिंगरी स्टुलावर चढली. मावशींनी दातांनी दोरा तोडला आणि खाली बसून शिवू लागल्या.

"हलू नकोस, टोचेल. एवढी थरथरतेस कशाला? मी काही वाघ नाही."

"मावशी..."

"हं."

"तुम्ही उद्यापासून कुठे जाणार?"

"घरी. मग बघू. भाचीच्या लग्नाचे कपडे शिवायचेत. तिला एक बाही लांब आणि एक आखूड लागते, हात तसेच आहेत तिचे. कोणाला सांगू नकोस." मावशी हसल्या. गाठ मारली, दुमड बोटाने सपाट केली आणि पाठीवर थोपटलं. "झालं. जा आता, गृहपाठ कर."

बाकी काही बोलल्या नाहीत. एक टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, असं भिंगरीला वाटलं. निदान रडता आलं असतं.

ती जिना धावत चढली. दोन मजले. वर पोचली तर लाल दिवा पेटलेला.

आता हा दिवा म्हणजे मोठी सोय होती. आत जाता येत नाही, मग कसं सांगणार? खाली जाऊन बसावं, पाणी प्यावं, तोवर दुसरं काहीतरी निघेल. भिंगरीने ते सगळं मनात म्हणून बघितलं. मग ती दाराला टेकून उभी राहिली, ज्या मुलीला दोन मिनिटं उभं राहता येत नसे ती. जाड दारातून पुसटसा आवाज येत होता. बाबा कोणा म्हातारीचे पाय चालत होते. एक पाऊल, घासणं, थांबणं. एक पाऊल, घासणं, थांबणं. म्हातारी दमली होती बिचारी. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा.

दिवा विझला. भिंगरीने दार ढकललं.

बाबा फळ्यांच्या खणावर उभे होते, पायात बायकी लाकडी खडावा. समोर दांडीवर ध्वनिग्राहक लोंबत होता, ज्याला कापडाची सळसळही ऐकू येते.

"आलीस? बघ ना, ही म्हातारी जमतच नाहीये मला..."

"बाबा, मी मावशींना विचारलंच नव्हतं."

बाबांनी उचललेलं पाऊल हळूच फळीवर टेकवलं.

"त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या थांब म्हणाल्या. मी थांबले नाही. मला वाटलं, माझ्या बुटांचा आवाज सिनेमात यावा. तू म्हणाला होतास ना, चांगला आहे म्हणून. मग मी तुला हो म्हटलं. आणि सिनेमात कुरळीने विचारलं तेव्हा मी म्हटलं, माझे पाय नाहीत. आणि मी हसले पण."

काचेपलीकडे काकांच्या कानांवर अजून हेडफोन होते. त्यांनी ते काढून खाली ठेवले आणि खुर्ची भिंतीकडे फिरवली.

बाबा बाकावर बसले. खडावा काढल्या, आधी डावी, मग उजवी, आणि जोडून खाली ठेवल्या. भिंगरी ओरडा बसायची वाट बघत होती. ओरडा बसला नाही.

"मी काय म्हणालो होतो गं त्यांना?" बाबांनी विचारलं.

"माझी मुलगी खोटं बोलत नाही."

"सगळ्यांसमोर."

"हो."

"मला एकदा वर येऊन तुला पुन्हा विचारता आलं असतं. नाही विचारलं. वीस वर्षं ओळखतो मी त्या बाईला." बाबांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले, त्या दिवशी चित्रपटगृहात घातले होते तसे. "आता कुठल्या तोंडाने जाऊ खाली?"

हा प्रश्न भिंगरीला घातलेला नव्हता. मोठी माणसं कधीकधी असे प्रश्न विचारतात ज्यांचं उत्तर त्यांनाच माहीत नसतं, आणि तेव्हा ती फार लहान दिसतात. बाबांच्या नेहमीच्या चपला दाराशी होत्या. भिंगरीने त्या उचलल्या, आणल्या आणि त्यांच्या पायांशी सरळ लावून ठेवल्या.

"मी पुढे होते," ती म्हणाली.

ती बाहेर पडली आणि जिना उतरू लागली. कापडी बुटांचा आवाज होत नव्हता, त्यामुळे मागून कोणी येत असतं तर तिला सहज ऐकू आलं असतं. बाबांची पावलं तर ती हजारांत ओळखायची. पण ती ऐकायला थांबली नाही. पहिल्या मजल्यावर येऊन ती कपडेपटाच्या दारात उभी राहिली. आत मावशी पेटीचं झाकण लावत होत्या, यंत्रावरच्या दोघीजणी चहा पीत होत्या, आणि किल्ली घ्यायला आलेला कारकूनही तिथेच होता. म्हणजे मंगळवारी होते जवळजवळ तेवढेच लोक.

बरं झालं, भिंगरीला वाटलं. आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात तिने मावशींना हाक मारली.